मुक्काम पासली

मार्गासनीच्या फाट्यावर रस्त्याला दोन तोंडं फुटतात. डावं साखरवरून गुंजवण्याला जातं, आणि सरळ जाणारं विंझर, वेल्हे मागं टाकत थेट पासलीच्या डोंगरात शिरतं. हैबतीचं घर डावीकडं आणि हैबतीची एसटी सरळ. ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा गडी तिशीच्या आतला होता, आणि निवृत्त झाला तेव्हा मिशीत काळा केस शोधावा लागत होता. मधली बहुतेक वर्षं तो संध्याकाळी या फाट्यावर आला, डावीकडं एक नजर टाकली आणि सरळ गेला.

मुक्कामी गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही गाडी दुपार कलली की पुण्याहून सुटते आणि दिवेलागणीला रस्ता जिथं संपतो त्या गावात पोचते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच देवळात नाहीतर गाडीच्या मागच्या बाकड्यावर झोपतात. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवलं की तीच गाडी दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन उलटी फिरते. पुण्यात पोचल्यावर मधल्या वेळात एखादी फेरी मारायची, आणि पुन्हा पासली. अशा गाडीवरच्या माणसाला घर असतं, पण ते वाटेत लागतं.

मग हैबतीची बायको सारजाबाई हिनंच वाट काढली. आठवड्यातून दोन-तीन वेळा ती गुंजवण्याहून जीप धरून फाट्यावर येऊन उभी राहायची. गाडी थांबायची. कंडक्टर कुंडलिक उतारूंची चढउतर बघायचा, आणि तेवढ्यात ड्रायव्हरच्या दाराशी सारजाबाईचा संसार उरकायचा. धुतलेले कपडे वर, मळलेले खाली.

"म्हस गाभन ऱ्हायली."

"बरं झालं."

"आत्याबाईंचं गुडघं लई दुखत्यात."

"नसरापूरला दाव की डाक्टरला."

"बंडूला मास्तरांनी मारलं."

"मारू दे. त्याबिगार शिकत न्हाई."

पुढच्या बाकांवरचे उतारू हे सगळं कान देऊन ऐकायचे, आणि पासलीची माणसं मोकळी असल्यामुळं मधे तोंडही घालायची. लेकीचं, साधनाचं, लग्न ठरलं तेही तिथंच. सारजाबाई म्हणाली, भोरकडचं स्थळ आलंय, पोरगा शेती करून दुधाचा टेम्पो चालवतो, सोमेश्वर नाव. हैबती काही म्हणायच्या आत विंझरचा एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "आवं माज्या मेव्हन्याच्या गावचा हाय! पोरगं गुनाचं हाय, टाका उरकून!" गाडी हसली. कुंडलिकनं डबल बेल दिली, हैबतीनं गिअर टाकला, आणि पोरीचं लग्न ठरलं.

तेव्हाच्या गाड्या म्हणजे पत्र्याची भट्टी. इंजिनाची धग सगळी डाव्या पायाला लागायची. हैबतीच्या त्या पायाच्या पोटरीवरचे केस पार गेले ते पुन्हा उगवले नाहीत. स्टिअरिंग ओढता ओढता खांदे निखळायची वेळ यायची. पावसाळ्यात वेल्ह्याच्या पुढं धुकं असं उतरायचं की मुंडकं खिडकीबाहेर काढून रस्ता बघावा लागे. दिवाळीत सगळं जग आपापल्या घरी जातं, म्हणजे कुणीतरी त्यांना पोचवतं, आणि तो कुणीतरी म्हणजे हैबती. सुट्टीच्या दिवशी तो घरी यायचा आणि आडवा व्हायचा. दुपारी उठून जेवायचा, पुन्हा आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चालता.

सारजाबाई काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. धरणाच्या पाण्यात बुडता बुडता वाचलेली चार भातखाचरं तिनं एकटीनं लावली. राब भाजायचा, लावणी, कापणी, झोडणी, शिवाय दारात दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन पोरं. डेपोत ड्रायव्हरच्या ड्युटीचा लागतो तसा तिच्या कामाचा चार्ट कुणी भिंतीला लावला नाही. आणि तिला तो लावावा असं कधी वाटलंही नाही, कारण तिच्या मते त्या घरात कष्ट करणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे हैबती.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

निवृत्त झाल्यावर हैबती ओट्यावर बसायला लागला. शेतातलं त्याला फारसं कळत नव्हतं आणि म्हशीला तो परका होता, जवळ गेला की ती मान झटकायची. मग तो येणाऱ्या-जाणाऱ्याला नोकरीच्या गोष्टी सांगायचा. शेजारचा पप्पू शिरवळच्या कंपनीत होता. त्यानं पाळीबद्दल कुरकुर केली की हैबतीचा हात मिशीवर गेलाच म्हणून समजा. "पाळी? तुमची कसली रं पाळी! पंख्याखाली उबं ऱ्हायचं. आमी ह्या पायावर इंजन भाजून घेतलंय." आणि मग तो घराच्या दाराकडं बघायचा. आत तांदूळ निवडत बसलेली सारजाबाई न चुकता म्हणायची, "हाडं झिजवली बाबा त्यांनी घरासाटी."

एसटीची पेन्शन म्हणजे चहापाण्याची. हैबती जगत होता तो सारजाबाईच्या या एका वाक्यावर. त्याच्यापाशी दुसरं होतं काय? पोरांचं बालपण गेलं, आई गेली, सणवार गेले. त्या सगळ्याच्या बदल्यात हे वाक्य मिळालं होतं आणि ते त्याला पुरत होतं. सारजाबाई आंघोळीला कढत पाणी द्यायची, भातावर तूप वाढायची, दुपारी तो पडला की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा हाकलून लावायची. असं दोन वर्षं बरं चाललं होतं.

मग पासलीहून फोन आला. गावाच्या सप्त्याची सांगता आहे आणि त्या दिवशी गाव हैबतरावांचा सत्कार करणार आहे. जोडीनं यायचं.

हैबतीला आनंद झाला. तो म्हणाला, "तू कशाला येतीस? लांबचा रस्ता. तुला गाडी लागती."

"वा रं वा!" सारजाबाई म्हणाली. "शाल घालायची येळ आली आन् मी घरी ऱ्हाऊ? जलमात पासली बघितली न्हाई म्या. नुसतं आईकत आले."

तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. सकाळी दोघं जीपनं फाट्यावर आली आणि पासलीच्या एसटीत बसली. फाट्यावरून गाडी सरळ गेली तेव्हा सारजाबाई बाकावर पुढं सरकून बसली आणि खिडकीतून असं बघायला लागली, जसं काही नवऱ्याच्या माहेरी निघाली आहे. हैबतीनं तिला वळणं दाखवली, दरड कुठं पडली होती ते दाखवलं. ती प्रत्येक ठिकाणी "अगं आई" म्हणत होती. खरं सांगायचं तर इतकं एकमेकांशी बोलणं त्यांचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पासलीत उतरल्या उतरल्या बायकांनी सारजाबाईला गराडा घातला. सगुणाबाई नावाची एक ठसठशीत म्हातारी पुढं झाली, तिनं सारजाबाईच्या पायावर पाणी घातलं आणि तिला हाताला धरून स्वैपाकघरात घेऊन गेली. गावाची रीत अशी होती की मुक्कामी गाडीच्या माणसांना उपाशी झोपू द्यायचं नाही. घरांनी वार वाटून घेतले होते. सोमवारी या घरची भाकरी, मंगळवारी त्या घरची. म्हणजे पासलीत अशी एक चूल नव्हती जिच्यासमोर हैबतीनं मांडी घातली नव्हती.

"वैनी, तुमचं मानूस आमच्याच घरचं," सगुणाबाई म्हणाली. "नाचनीची भाकरी करपट भाजल्याली लागती त्यास्नी. आन् कुळथाचं पिटलं आसंल तर दुसरं काय नगं."

सारजाबाईनं मान हलवली. तिनं गहू नसला तर तांदळाची भाकरी केली होती, आयुष्यभर, आणि हैबतीनं ती निमूट खाल्ली होती. नाचणी त्याला आवडते हे तिला माहीत नव्हतं.

"आन् बोलनं काय त्ये!" दुसरी म्हणाली. "त्या म्हातारीची नक्कल आठवती का गं? कोंबडीचं तिकीट काडत न्हाई म्हनून भांडली ती? आमी हसून हसून ताटावरनं उटायचो."

"कोन, हे?" सारजाबाई म्हणाली.

"मग! हे आले की आमच्या पोरांस्नी जत्रा. आन् भजनात गवळन म्हनायला लागले की सासवा जाग्या ऱ्हायाच्या वो."

सारजाबाईनं हैबतीचा आवाज फाट्यावर ऐकला होता, "बरं" आणि "बघू" म्हणताना. गाताना ऐकला नव्हता. तांब्या उचलून ती घोटभर पाणी प्याली.

देवळासमोर मांडव होता. हैबतीला खुर्चीवर बसवलं, शेजारच्या खुर्चीवर सारजाबाईला. शाल झाली, श्रीफळ झालं. सरपंच बोलले, माजी सरपंच त्याहून जास्त बोलले. कुणाच्या बाळंतपणाला गाडी कशी थांबवून ठेवली, कुणाच्या कॉलेजच्या प्रवेशाला पुरातून गाडी कशी काढली, सगळं झालं. आणि मग मागून आरडाओरडा सुरू झाला, "गवळन! गवळन होऊ द्या!"

"घसा बसलाय," हैबती म्हणाला.

"आवं काय लाजताय! वैनी हायेत म्हनून व्हय?" आणि मांडव हसला.

सुटका नव्हती. मृदंगवाल्यानं थाप दिली. हैबतीनं डोळे मिटले आणि म्हटली गवळण. आवाज उतरला होता, पण जात लपत नव्हती. तो कडव्यापाशी श्वास घ्यायला थांबला की पुढचे शब्द बायकाच उचलत होत्या. सगळ्यांना पाठ होते. फक्त सारजाबाईला नव्हते. ती हैबतीकडं बघत नव्हती. ती त्या बायकांच्या तोंडाकडं बघत होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण कुंडलिक कंडक्टरलाही बोलावलेलं होतं, आणि कंडक्टरला माईक देणं म्हणजे चालत्या गाडीत दार उघडं ठेवणं. कुंडलिक मनाचा चांगला माणूस. त्याला मित्राचं कौतुक करायचं होतं, दुसरं काही नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "खरं बोलतो. आमी सगळे ह्या गाडीला भ्यायचो. थंडी, जळवा, धुकं. पाळी बदलली की सुटलो म्हनायचो. मी सवता भोर–नसरापूरची दिवसपाळी मागून घ्यायचो आन् रोज सांजच्याला घरी भाकरी खायाचो. पन हैबतराव? त्यांची पाळी बदलली तर हे सायबाकडं जायाचे! हात जोडायचे! म्हनायचे, सायेब, मला पासलीच द्या. एक डाव न्हाई, दर बदलीला. आख्ख्या नोकरीत ह्यांनी पासली सोडली न्हाई. ह्येला म्हनत्यात माया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. हैबतीनं मान वळवली नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की सारजाबाईसुद्धा टाळ्या वाजवते आहे. चारचौघांत सगळे वाजवत असताना आपण एकटं कसं थांबायचं? ती वाजवत राहिली, आणि बाकीचे थांबल्यावर थांबली.

परत येताना वेल्ह्यापर्यंत कुणाच्या तरी टेम्पोत जागा मिळाली, तिथून फाट्यापर्यंत जीप. गुंजवण्याची जीप यायला वेळ होता. फाट्यावर दोघं दगडावर बसली, मधे शाल आणि नारळाची पिशवी. सारजाबाई या जागी इतकी वर्षं आली होती, पण बसली कधी नव्हती.

"पासली मागून घ्यायचा तुमी?" तिनं विचारलं.

"कदीमदी."

"कुंडलिकभावजी म्हनले, दर बदलीला."

हैबतीनं पायाखालचा खडा उचलला आणि रस्त्यापलीकडं टाकला. "व्हय. दर बदलीला."

"मला म्हनायचा, काय करनार, ड्युटीच लागली. हितंच म्हनायचा. वर गाडीत बसून."

हैबतीनं शालीची घडी पिशवीत सारली.

"बाई हुती का कोन?" तिनं सरळ विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"न्हाई गं. आईशप्पत न्हाई."

"त्ये दिसलं मला. असती तर बरं झालं असतं. एकीचा राग राग केला असता. आता आक्ख्या गावाचा कसा करू? पानी घातलं त्यांनी माज्या पायावर."

एक एसटी आली, उतारू उतरले, गेली. हैबतीला वाटलं आता काहीतरी बोललंच पाहिजे, आणि जे बोलला ते त्यानं स्वतःशीसुद्धा कधी मांडलं नव्हतं.

"दमायचो, त्ये खोटं न्हाई. पन तितं गेलो की मला कुनी काय मागत नव्हतं, सारजा. भाकरी खाल्ली, दोन गोष्टी सांगितल्या, झोपलो. घरी आलो की आईचं गुडघं, पोरांची फी, बांद फुटल्याला, म्हस आटल्याली. सगळे तोंडाकडं बघायचे. मला त्ये सोसायचं न्हाई. आल्या आल्या अंगातलं अवसानच जायाचं. म्हनून आडवा व्हायचो."

"आमी तोंडाकडं बघायचो," सारजाबाई म्हणाली, "कारन तुमी दिसायचाच न्हाई."

जीप आली. ती आधी उठली आणि पिशवी तिनंच घेतली.

पुढं घरात भांडण झालं नाही. पाणी कढत मिळायचं, ताट वेळेवर यायचं. एक दिवस तर तिनं नाचणी दळून आणली आणि करपट भाकरी भाजून पुढं ठेवली. हैबतीला ती गिळेना. "नको गं, तांदळाचीच कर," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली. तूप मात्र तो मागितल्याशिवाय आता येत नव्हतं, आणि मागायची त्याला हिंमत होत नव्हती.

त्याच आठवड्यात पप्पू ओट्यावर येऊन टेकला. सलग दोन पाळ्या केल्या, कंबर धरली, डोळे चुरचुरतात, असं सांगायला लागला. हैबतीचा हात सवयीनं मिशीवर गेला. "आरं तुमची कसली पाळी! आमी ह्या पायावर इंजन..." आणि त्यानं दाराकडं बघितलं. सारजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला, मग दुसरा. वर बघितलं नाही. पप्पू वाट बघत राहिला, कारण या ठिकाणी काकू काय म्हणते हे त्यालाही पाठ होतं. हैबतीचं वाक्य तिथंच अडकलं. "जा बाबा, झोप जा घरी," तो म्हणाला. पप्पूला नवल वाटलं. इतक्या लवकर हैबतीकाकानं कधी सोडलं नव्हतं.

माणसाला जे वाटायचं ते वाटतंच. हैबतीला राग आला. कुंडलिकचा आला, सगुणाबाईचा आला, थोडा सारजाबाईचाही. आपण काय चोरी केली? पगार घरी दिला. दारू प्यालो नाही. रस्त्यावर एक कोंबडी कधी चिरडली नाही. दमलो होतो हे खरंच होतं ना? होतंच. मग तिनं ते वाक्य का सोडलं? असं तो मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत राहायचा, आणि दर वेळी फाट्यावरच्या दगडाशी येऊन थांबायचा.

कापणी उरकल्यावर साधना आणि जावई सोमेश्वर आले, नव्या तांदळाला. दुपारची जेवणं झाली. सोमेश्वर म्हैस बघायला गोठ्याकडं गेला, ती आटत आली होती आणि त्याला दुभत्यातलं कळायचं. हैबती आतल्या खोलीत पडला. झोप काही नव्हती, पण दुपारी पडायचं ही घराची रीत होती आणि ती त्याच्यासाठीच पडली होती. बाहेर मायलेकी पाखडायला बसल्या.

साधना काहीतरी सांगत होती. सासरची गंमत असावी. पण शब्द ऐकू येत नव्हते, नुसती कुजबुज येत होती, उंदीर पोत्यात फिरावा तशी. हैबतीनं कूस बदलली. कुजबुज आणखी बारीक झाली.

"मोठ्यानं बोल की गं," सारजाबाईचा आवाज आला.

"बाबा झोपल्यात."

"झोपू देत. न्हाई तर उटू देत."

"असं काय आई? आज काय नवीन हाय? बाबा घरी आले की आमी कवा मोठ्यानं बोललो? तूच डोळे वटारायचीस. बंडू शिंकायचाबी नाक दाबून. अजून बाबांशी फोनवर बोलायचं तर, मला म्हनतो, आवाज आपोआप हळू येतो."

सुपाचा आवाज थांबला.

"चुकलं माजं," सारजाबाई म्हणाली. "बाप दमून आलाय, बाप दमून आलाय, म्हनून तुमा दोगांना मी उगंच गप बसवलं गं. दमायचे. पन आपुन धरलं तेवढे न्हाई. त्यांच्यात हसायचं अवसान हुतं, गायाचं हुतं. तुमी दोगांनी दंगा केला असता तर काय बी झालं नसतं. उटले असते, वराडले असते, दोन धपाटे दिले असते. बरं झालं असतं. बाप म्हनून लक्षात तर ऱ्हायले असते."

हैबती आत छपराकडं बघत पडला होता. त्याला त्या सुट्ट्या आठवल्या. घर किती शांत असायचं! त्याला वाटायचं, पोरं शहाणी आहेत.

तो उठला आणि बाहेर येऊन उंबऱ्याशी बसला. "बोला की," तो म्हणाला. "मी जागाच हाय."

साधनानं पदर सावरला आणि सूप थोडं बाजूला घेतलं. "चा ठेवू का बाबा?" तिनं विचारलं. हळूच विचारलं.

"नको. बोला तुमी."

साधनानं आईकडं बघितलं. सारजाबाईनं सुपाकडं बघितलं. कोंडा उडत राहिला. हैबतीला पासलीतली त्या म्हातारीची नक्कल आठवली, कोंबडीच्या तिकिटाची. ती सांगावी असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण समोर बसलेली लेक पस्तिशीला पोचली होती, आणि तिला पहिली गंमत सांगायला सुरुवात कुठून करायची ते त्याला सुचेना. थोडा वेळ बसून तो उठला आणि गोठ्याकडं निघाला.

सोमेश्वर म्हशीची कास चाचपत होता. "मामा, ह्या म्हशीला सरकी वाढवा," तो म्हणाला. "बरं," हैबती म्हणाला आणि दावणीला टेकून उभा राहिला. म्हशीनं आज मान झटकली नाही.

तेवढ्यात घराकडून हसणं आलं. भलतं मोकळं हसणं, छाती भरून, मधेच श्वास लागून पुन्हा सुरू होणारं. हैबतीनं मान वर केली. घरात तर दोघीच होत्या. सारजाबाई अशी हसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"कोन आलंय वो घरी?" त्यानं विचारलं. "शेजारची रत्ना का काय?"

सोमेश्वरनं चमकून वर बघितलं. सासरा थट्टा करतोय असं त्याला वाटलं, पण सासऱ्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"कोन न्हाई आलं मामा. साधना हसतीया."

"साधना?"

"व्हय की. तिचं हसनं तसंच हाय. आमच्या वाडीत खालच्या आळीला ऐकू जातं. आई म्हनती, सून घरात हाय का न्हाई त्ये इचारावंच लागत न्हाई."

"व्हय का," हैबती म्हणाला.

हसणं पुन्हा आलं. या वेळी त्यानं श्वास धरून नीट ऐकून घेतलं, पुढच्या खेपेला ओळखता यावं म्हणून.